दोंगकांग संघाचा दुसरा ड्रायव्हर

आज रात्री तुम्ही सगळे इथेच सरावाला थांबणार असं कळलं, म्हणून आलो. कळलं म्हणजे काय, मी समोरच राहतो. माझ्या माशाच्या गोळ्यांच्या सूपच्या टपरीतून या दाराकडे बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. थांबा बाबांनो, जरूर थांबा. सूप आणलंय, गरम आहे तोवर घ्या. फक्त त्या कोपऱ्यातल्या सीटवर बसायच्या आधी एवढं ऐकून घ्या. हा हॉल चालवणाऱ्या आ-पिननं मला हे स्वतः सांगितलं. शर्यतींच्या बाबतीत तो थापा मारतो, मान्य. या रात्रीबद्दल नाही मारत.

गेल्या वर्षीची गोष्ट. सातव्या महिन्याची पंधरावी तिथी, भटक्या आत्म्यांना जेवू घालायचा दिवस, म्हणजे सप्टेंबरची सहा तारीख, शनिवार. दुपारी तीनच्या सुमारास आ-पिन स्कूटर घेऊन बाजारात गेला. उकडलेली कोंबडी, अननस, बिअरचे डबे, नूडल्सची पाकिटं, अगरबत्ती, जाळायच्या कागदी नोटा. आणि मक्याच्या कुरकुऱ्यांची चार पाकिटं, हिरवीच. यंत्रावर हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, पिवळं ठेवलं की रुसतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

दुकानदार म्हणाला, "तारीख बघून घे. मुदत संपलेलं ठेवशील आणि भर शर्यतीत गाडी बंद पडेल."

"तीनदा बघितली," आ-पिन म्हणाला. तीनदा नाही, पाचदा बघितली होती. त्या दिवशी त्याचा हात एका जागी ठरत नव्हता. सारखा फोन काढायचा, बघायचा, परत खिशात टाकायचा.

कारणही तसंच होतं. बापानं ठेवलेलं स्कूटर दुरुस्तीचं दुकान त्यानं बंद केलं होतं आणि खालच्या मजल्यावर शर्यतीच्या खेळाचे हे चार सांगाडे उभे केले होते. सीट खऱ्या गाडीची, स्टिअरिंग खरं, पायाखाली पेडल खरी, रस्ता तेवढा स्क्रीनवर. जिल्ह्याची पहिली सांघिक लीग त्याच रात्री नऊ वाजता इथून सुरू होणार होती. दोंगकांग, लिनबियन, छाओजोऊ आणि हंगछुन असे चार संघ. एका संघाची एक गाडी, तीन ड्रायव्हर, चाळीस-चाळीस मिनिटांच्या पाळ्या. जिल्हा संघटनेचा नियम एका ओळीचा होता. चारही संघांच्या तिघातिघांनी गाडी चालवली तर लीगला मान्यता, एक जरी कमी पडला तर नाही. चार वर्षं आ-पिन या एका रात्रीसाठी उंबरे झिजवत होता.

आई म्हणाली होती, "भर सातव्या महिन्यात कुणी शुभारंभ करतं का रे?"

"संघटनेनं तारीख दिली आई. मी पंचांग घेऊन भांडू का त्यांच्याशी?"

तो बाजारातून परत आला तेव्हा पाऊस लागला होता आणि वारा समुद्राकडून यायला लागला होता. पाच वाजता फोन आला. त्यांच्या संघातला त्साय समोरच्या ल्यूच्यू बेटावर राहतो. समुद्र खवळला होता, बोटी बंद.

"पोहून ये," आ-पिन ओरडला.

"तू पोहत न्यायला ये, मी तयार आहे," त्साय म्हणाला. आणि मग हळूच, "सॉरी, पिन."

राहिले दोघे. जाळी विणणारा लाय, आणि आ-पिनची धाकटी बहीण आ-हुइ. ती मासळीच्या लिलावात हिशेब लिहायची आणि गाडी अशी चालवायची की बघणाऱ्यानं ब्रेक दाबावा.

सहा वाजता पूजेचं टेबल मांडायचं होतं. चांगल्या भावांना, म्हणजे या महिन्यात फिरणाऱ्या मेलेल्यांना, जेवायला घालायचं टेबल कुठे मांडतात? दाराबाहेर. उंबऱ्याच्या बाहेर जेवा, तिथूनच जा. पण बाहेर पाऊस आडवा मारत होता, अगरबत्ती पेटेना. आ-पिननं टेबल उचललं आणि सरळ आत आणून सांगाड्यांच्या शेजारी ठेवलं. शटर सताड उघडं. अगरबत्त्या कपाळाला लावून तो हसत म्हणाला, "चांगल्या भावांनो, आत या. आज आमच्यात एक गडी कमी आहे. कुणाला येत असेल तर बसून घ्या, सीट रिकामी आहे."

आईनं त्याच्या हातावर फटकन मारलं. "जीभ आहे का काय आहे? आत बोलावतात का कुणी?"

"गंमत केली गं."

"त्यांच्याशी?"

तिनं पुढे काही बोलायच्या आत संघटनेच्या निरीक्षक, हो आडनावाच्या बाई, छत्री झटकत आत आल्या. बारीक चष्मा, हातात यादी. "तुमचे तिघं कुठे आहेत?"

"आहेत ना. त्साय जरा लाजाळू आहे, पडद्याआड बसतो," आ-पिन म्हणाला. प्रत्येक सांगाड्याला काळा पडदा होता, उजेड येऊ नये म्हणून. आ-हुइनं भावाकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच गप्प केलं. लीग भरवणाऱ्याचं नाव ड्रायव्हर म्हणून चालत नव्हतं, म्हणून मनात त्यानं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या पाळीला हळूच पडद्याआड शिरायचं आणि त्सायच्या नावावर आपणच चालवायची.

नऊ वाजता शर्यत सुटली. लायनं बरी चालवली, तिसरा होता. नऊ चाळीसला गाडी पिटमध्ये, म्हणजे ड्रायव्हर बदलायच्या थांब्यावर, आली. लाय उतरला, पडदा लावला आणि सिगारेट ओढायला मागच्या दारी गेला. आ-पिन निघाला, तेवढ्यात हो बाईंनी हाक मारली. "अहो, छाओजोऊच्या या पोराचं आडनाव यादीत वेगळं आहे, बघा जरा."

अर्धं मिनिट गेलं असेल, फार तर. पिटमध्ये गाडी अडकली की संपलं... त्यानं मान वळवून मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं.

दोंगकांगची गाडी पिटमधून बाहेर पडली होती.

त्याला वाटलं, लाय परत बसला. पण लाय मागच्या दारी खोकत होता. मग हुइ? हुइ आईशेजारी उभी राहून नखं खात होती.

गाडी मात्र झकास चालली होती. वळणाला अशी लोण्यासारखी. तिसऱ्याची दुसरी झाली. छाओजोऊची पोरं ओरडली, "अरे, कोण आहे हा?"

"त्साय," हो बाई यादीवर टिचकी मारत म्हणाल्या. खूण केली. नाव लागलं.

आ-पिन कोपऱ्यात गेला. पडदा बोटभर बाजूला केला.

सीट रिकामी होती.

स्टिअरिंग फिरत होतं. डावीकडे... सावकाश... मग उजवीकडे. स्क्रीनचा निळा उजेड सीटवर पडला होता, आणि सीटची गादी मधोमध दबलेली होती.

त्यानं पडदा सोडला. ओरडावं, तर बाई ऐकणार. लीग गेली. आणखी नुसती पंचवीस मिनिटं... कुणाला काय कळतंय? मला सांगताना इथे त्यानं सूपची वाटी खाली ठेवली. म्हणाला, काका, मला भीती वाटली होती हे खरंय. पण त्याहून जास्त मला वाटलं, सुटलो.

दहा वाजून वीस मिनिटं झाली. गाडी पिटमध्ये आली, बरोब्बर रेघेवर थांबली. आ-हुइ पुढे निघाली.

"हुइ, थांब जरा..."

"काय थांब? पाळी बदलायला चाळीस सेकंद असतात दादा!"

हो बाई चष्म्यावरून बघत होत्या. आ-पिनचा हात तिच्या दंडापर्यंत गेला. आणि तिथेच राहिला. ती पडद्याआड गेली.

पडद्याआड गेली, आणि आतून एकदाच, अगदी हळू, "आई गं, केवढं गार आहे हे," असं म्हणाली. मग काही नाही.

दोंगकांग पहिली आली. अकरा वाजले, झेंडा पडला, तिन्ही गाड्या थांबल्या. टाळ्या. लाय नाचायला लागला. बाईसुद्धा हसल्या.

दोंगकांगची गाडी चाललीच होती.

"हुइबाई, जिंकलात, उतरा आता!" लाय ओरडला. कुणी तरी हसलं. गाडीनं आणखी एक फेरी मारली. आणखी एक. हसणं हळूहळू बंद झालं.

आ-पिननं पडदा ओढला. ती ताठ बसली होती. ओठ निळसर. डोळे उघडे. दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यानं तिची बोटं सोडवायला घेतली. बर्फातली मासळी हाताला लागते ना, तशी. एक बोट सुटेना.

"हु..."

आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. "नाव घेऊ नकोस, ते ऐकतात. आज नाही."

लायनं भिंतीतला प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली. पंख्यांचा आवाज थांबला. सगळ्या हॉलमध्ये फक्त पाऊस.

स्टिअरिंग फिरत होतं.

विझलेल्या स्क्रीनवर तिचे डोळे कशाच्या तरी मागे फिरत होते. डावीकडे... उजवीकडे... श्वास कमी होत चाललेला. आधी आ-पिनला तो दिसत होता. मग कान लावावा लागला.

"अँब्युलन्स," हो बाई म्हणाल्या. फोन त्यांच्या हातातच होता. त्यांनी लावला. रस्त्यावर पाणी, वेळ लागेल म्हणाले.

आई पुढे आली. आवाज न चढवता म्हणाली, "पिन, दुसऱ्या पाळीला कोण होतं?"

तो बहिणीची बोटं सोडवत राहिला.

"मी बघत होते तुला. पडदा सारलास आणि पांढरा पडलास. कोण होतं?"

"...कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं? तू बोलावलंस म्हणून कुणी तरी आलं. तुझं काम केलं. आणि तू त्याच्या कामावर दुसऱ्याचं नाव लावू दिलंस. कसा उठेल तो तिथून? तुझ्या घरी आलेला पाहुणा आहे. तूच निरोप दे. आणि खरं बोलून दे."

आ-पिननं बाईंच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. चार वर्षं, बरं का. मग सीटवरच्या बहिणीकडे पाहिलं.

"बाई, त्साय आलाच नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तो बेटावर आहे. मी खोटं बोललो. आमचा संघ पूर्ण नव्हता. खोडा."

"मग लीग..."

"नाही झाली लीग. खोडा ते नाव. आत्ता."

हो बाईंनी पेन काढलं. कागदावर रेघ ओढल्याचा आवाज त्या शांततेत स्पष्ट आला.

आ-पिन सीटसमोर गुडघ्यांवर बसला. अगरबत्ती पेटवली. तिसऱ्या काडीला पेटली. "भाऊ," तो म्हणाला. "ती दुसरी पाळी तुझी. त्सायची नाही, माझी नाही. तिसऱ्याची दुसरी तू केलीस. मी... मी तुला आत बोलावलं आणि उठायला सांगितलंच नाही. चुकलो. जेवलास ना? शटर उघडं आहे. चल, मी सोडायला येतो."

काही नाही.

पाऊस.

मग सीटची गादी करकरली... अगदी हलक्या वजनानं करकरते तशी. स्टिअरिंग थांबलं. आ-पिन उठला, एकदाही मागे न बघता शटरपर्यंत चालत गेला. पत्र्याच्या डब्यात कागदी नोटा टाकल्या, काडी ओढली. आडव्या पावसात त्या नोटा कोरड्या पाचोळ्यासारख्या भडकन जळाल्या. हे मात्र मी माझ्या खिडकीतून, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मागून आवाज आला, "दादा?"

आ-हुइ हात चोळत पडद्याबाहेर उभी होती. ओठ अजून निळे. सगळ्यांकडे बघून म्हणाली, "असे काय बघताय? माझा नंबर कधी आहे?"

अँब्युलन्स आली, डॉक्टरनं तपासलं, थकवा म्हणाला. लीगला मान्यता मिळाली नाही त्या रात्री, अर्थातच. हो बाई मनाच्या चांगल्या. त्यांनी अहवालात एवढंच लिहिलं की एक संघ अपुरा होता. दहाव्या महिन्यात परत घेतली. आता तुम्ही खेळता ती तीच लीग.

पण सकाळचं सांगायचं राहिलं.

रविवारी सकाळी आ-हुइ लंगडत खाली आली. दोन्ही गुडघे काळेनिळे. म्हणाली, "रात्री कुठे आपटले कुणास ठाऊक." आ-पिन कोपऱ्यातल्या सांगाड्यापाशी गेला. सीटवर बसून बघितलं. त्याला बसताच येईना. गुडघे स्टिअरिंगला लागले.

पेडल जागेवर नव्हती. सीटच्या पार जवळ सरकवलेली, आखूड पायांना पुरतील अशी. ती चार बोल्टनी पक्की बसवलेली असतात, पान्याशिवाय इंचभर हलत नाहीत. चारही बोल्ट घट्ट होते. त्यांच्यावरचा आ-पिनचा रंग तसाच्या तसा, कुठे ओरखडा नाही.

आई कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नाही. ती खाली वाकली. सीटच्या कडेपासून पेडलपर्यंत वीत टाकून मोजलं. परत मोजलं.

"किती गं?" आ-पिननं विचारलं.

मग तिनं हात जमिनीपासून वर नेला, कमरेच्याही खाली थांबवला, आणि तसाच धरून ठेवला...

"एवढा असेल."