काळ्या फळीसमोरची जागा

आमच्या तपासणीच्या खोलीत बोलायला मनाई नव्हती, पण बोलणं सुचायचं नाही. चिमाही शहरातल्या त्या औषध कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले तेव्हा सगळ्यात आधी मी तिथली शांतता शिकले. समोर अर्धी काळी, अर्धी पांढरी फळी. वर लख्ख दिवा. काचेची कुपी दिव्याखाली धरायची, मनगटाला हलकी गिरकी द्यायची आणि हात थांबवायचा. हात थांबला तरी आतलं औषध फिरत राहतं. त्यात कण असेल तर तोही फिरतो. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. चांगली कुपी उजवीकडे, खराब डावीकडे लाल तबकात.

माझ्या शेजारी तेह कोकोम बसायच्या. वयानं आम्हा सगळ्यांत थोरल्या, म्हणून सगळ्यांच्याच तेह, म्हणजे ताई. डोक्यावर टोपी, तोंडावर पट्टी, पायापर्यंत पांढरा झगा. त्या खोलीत आम्ही एकमेकींना नुसत्या डोळ्यांवरून ओळखायचो. तेह कोकोमचे डोळे सतत हसत असायचे. धाकट्या पोरीला आमच्याकडे लाडानं नेंग म्हणतात, तसं त्या मला म्हणायच्या.

"अगं नेंग, इतकी टक लावू नकोस. कुपी आहे ती, होणारा नवरा नाही."

"नवऱ्यात कण निघाला तर परत करता येतो का, तेह?"

"आला असता तर मी इथे बसले असते का?"

जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर शेंगदाण्याच्या तिखट रसातले चिलोकचे चिवट गोळे खायचो आणि परत हात धुऊन, झगे चढवून आत यायचो. दिवस असे जात होते. माझी शिकाऊपणाची मुदत संपत आली होती, आणि आमच्या प्रमुख बू लिलिस, म्हणजे लिलिसबाई, माझं नाव कायमच्या जागेसाठी पाठवणार होत्या.

त्या आठवड्यात बाळंतिणींचं औषध चाललं होतं. बाळ झाल्यावर जिचं रक्त थांबत नाही, तिला टोचतात ते. पूर्वेकडच्या बेटांवरच्या दवाखान्यांत जायचं होतं. तिथे दुसरी कुपी मागवायला वेळ नसतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कुपीची काच गोल असते. नीट पाहिलं तर तिच्यात आपलं प्रतिबिंब दिसतं, तांदळाच्या दाण्याएवढं. टोपी, पट्टी आणि मधे दोन डोळे. त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मीही देत नव्हते.

एका कुपीत माझे डोळे मिटलेले होते.

पापणी लवली असेल, असं मनात आलं. पण पापणी लवली तर मला दिसणार कसं? मी उघड्या डोळ्यांनी माझे मिटलेले डोळे बघत होते. कुपी फिरवली, कलती केली. औषध स्वच्छ होतं. डोळे मिटलेलेच होते.

मी ती डावीकडे ठेवली. पुढच्या कुपीत डोळे उघडे. त्यापुढच्या कितीतरी कुप्यांत उघडे. मग पुन्हा एकात मिटलेले.

जेवणाआधी बू लिलिस माझं तबक बघायला आल्या. एकेक कुपी दिव्याखाली धरून त्यांनी पाहिली.

"यात काय खोट आहे?"

"सांगता येत नाही, बू."

"सांगता येत नाही म्हणून बाद? ही काय बाजारातली भाजी आहे, आवडली नाही की टाकली बाजूला?" त्यांचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या बाकांवरचे हात थांबले. "चांगली कुपी बाद करणं हीसुद्धा चूक धरतात, रेंगानिस. तुझं नाव मी कुठल्या तोंडानं पाठवू?"

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. शाळेत माझा आवडता विषय रसायन होता. मी जागा बदलून पाहिली. दिव्याचा कोन बदलला. कारखान्याच्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम होते. शेवटी तेह कोकोमना म्हटलं, "माझ्या बाद कुप्यांच्या बुडाला खूण करा, चांगल्यांत मिसळा आणि मला द्या. कारण विचारू नका."

त्यांनी कारण विचारलं नाही. मी कुप्या बघत गेले, डावी-उजवी करत गेले. नंतर त्यांनी लाल तबकातल्या कुप्या उलट्या करून पाहिल्या. प्रत्येकीच्या बुडाला खूण होती. उजवीकडे एकीलाही नव्हती.

तेह कोकोम काही थट्टा करतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी कुप्या सरळ केल्या आणि मान खाली घालून कामाला लागल्या.

शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर गाडी भरायची होती. मी बू लिलिसना गाठलं आणि आम्ही दोघी प्रयोगशाळेचे साहेब पाक ओमान यांच्याकडे गेलो.

"औषध स्वच्छ आहे, म्हणजे खोट काचेतच असणार. कुप्या निळ्या पाण्यात बुडवून पाहायच्या, गळती आहे का ते," मी म्हणाले.

"ते झालंय, नेंग. सगळा माल पास आहे," पाक ओमान म्हणाले. सज्जन माणूस, चष्मा पुसत पुसत बोलायचे.

"पुन्हा करा. जास्त वेळ ठेवा. चीर फारच बारीक असेल तर?"

"आणि काही निघालं नाही तर?" बू लिलिसनी विचारलं.

गळ्यातला शिकाऊचा बिल्ला काढून मी टेबलावर ठेवला.

पाक ओमाननी एकदा बिल्ल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठून भांडं काढलं. माझ्या कुप्या आणि तितक्याच चांगल्या कुप्या निळ्या पाण्यात बुडवल्या. झाकण लावलं. आतली हवा ओढणारा पंप सुरू केला.

आम्ही उभे होतो. खिडकीतून मशिदीतलं प्रवचन ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. फाटकाशी गाडी लागल्याचा आवाज आला.

पंप बंद झाला.

पाक ओमान कुप्या नळाखाली धुऊ लागले. एक, पारदर्शक. दुसरी, पारदर्शक. बू लिलिसनी माझा बिल्ला उचलला.

तिसरी निळी होती.

आतून. आभाळासारखी निळी.

मग आणखी एक. मग आणखी.

माझी एकूण एक कुपी निळी झाली होती. चांगल्यांतली एकही नाही.

"या अल्ला," पाक ओमान हळूच म्हणाले.

बू लिलिस तोवर फोनवर होत्या. "गाडी थांबवा! एकही खोकं चढवायचं नाही. चढवलेलं असेल ते उतरवा!"

कुप्यांची तोंडं वितळवून बंद करणारी एक ज्योत तिरकी झाली होती. सगळा माल अडवला, नव्यानं तपासला. सोमवारी मी खोलीत शिरले तेव्हा सगळ्या जणी उभ्या राहिल्या आणि हातमोज्यांनी टाळ्या वाजवायला लागल्या. बोदा, मऊ आवाज, पण थांबेचना. दुपारी पिवळ्या भाताचा डोंगर आला. त्याचं टोक मानाच्या माणसाला देतात. बू लिलिसनी ते कापून माझ्या ताटात ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी भाजी म्हटलं होतं ना? चुकले." मग कायमचा बिल्ला त्यांनी स्वतः माझ्या गळ्यात घातला. आई फोनवर इतकी रडली की शेवटी मलाच तिची समजूत काढावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, या जगात एक खुर्ची माझी आहे.

जेवण झाल्यावर मी त्या खुर्चीवर बसले. दिवा लावला. शेजारी तेह कोकोम येऊन बसल्या. बराच वेळ आमची मनगटं तेवढी हलत होती.

"तुला मिटलेले दिसतात ना?" समोर बघतच त्यांनी विचारलं.

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"मी नवी होते तेव्हा मलाही तसंच दिसायचं. मग एक दिवस काचेतली ती पाठमोरी बसली. तेव्हापासून पाठमोरीच."

"भीती नाही वाटत?"

"कसली? पाठ दिसली की कुपी बाद. काम सोपं झालं."

त्यांनी पुढची कुपी उचलली, दिव्याखाली धरली, गिरकी दिली. औषध फिरलं, हळूहळू स्थिर झालं. तेह कोकोम त्यानंतरही बघत राहिल्या. मग त्यांनी ती अलगद लाल तबकात ठेवली.

"हल्ली मात्र," त्या म्हणाल्या, "मान वळवायला लागलीय."