वजा एक

ही घटना इरावतीसोबत घडली, आणि इरावती तिखटमीठ लावून सांगणारी बाई नाही. ती कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कुठलंही माप तीनदा घेतल्याशिवाय वहीत उतरवत नाही. म्हणूनच तिचं सांगणं खोटं मानता येत नाही.

रायपूर. नोव्हेंबर २०१४. रात्र नव्हती, सकाळचे साडेनऊ होते. शहराबाहेरच्या एका मॉलचा तिसरा मजला, बोलिंगची शेवटची लेन. खेळ अकराला सुरू व्हायचा. तोवर सगळा मजला रिकामा.

इरावतीची नणंद शर्मिष्ठा राज्याच्या संघात जायला धडपडत होती. निवड बारा दिवसांवर आली होती, आणि उजव्या कोपऱ्यात एकटी उरलेली पिन तिला काही केल्या पडत नव्हती. सराव करायचा तरी कसा? मशीन दर वेळी दहाच्या दहा पिना मांडायचं.

इरावतीने मशीनला एक डबा जोडला. दहा बटणं, वर एक कॅमेरा. जी बटणं दाबाल, तेवढ्याच पिना उभ्या राहणार. कॅमेरा आतल्या उभ्या वस्तू मोजणार. मागितल्यापेक्षा एक जरी जास्त दिसली, तर पिना लोटणारा लोखंडी दांडा जागचा हलणार नाही. आत दुरुस्तीला माणूस असू शकतो, म्हणून.

पहिल्या सकाळी तिने एक पिन मागितली. एकच आली.

पडद्यावर आकडा उमटला...

उभे : २.

दांडा अडून बसला.

"वहिनी, तुमचं मशीन मोजायले शिकलं नाही वाटते," शर्मिष्ठा हसली. "पहिलीत बसवा त्याले."

इरावतीने ती पिनही काढून घेतली. आता आत काहीच नव्हतं.

उभे : १.

तिने काच पुसली. दिवा बदलला. दुसरा कॅमेरा लावला. आकडा तोच. मग तिने कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकलं...

शून्य.

म्हणजे कॅमेरा ठीक होता. त्याच्यासमोर काहीतरी होतं.

तेवढ्यात आतलं लाकूड करकरलं... उभं राहून अवघडलेल्या माणसाने भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकावा, तसं.

भैय्यालाल मेकॅनिक तिच्या शेजारीच उभा होता. गोंदियाचा माणूस, पन्नाशीचा. त्यानेही ऐकलं.

"मॅडम, ते थांबून राहिलं नं, तर थांबू द्या. काहून जबरदस्ती करता?"

"बाराच दिवस आहेत, भैय्यालाल."

"हव, पर..."



इरावतीने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. मोजलेल्या आकड्यातून वजा एक. चूक नेहमी तेवढीच येत असेल, तर ती वजा करायची. विद्यार्थ्यांनाही ती हेच शिकवायची.

मशीन मुकाट चालू लागलं.

शर्मिष्ठा रोज सकाळी शंभर बॉल टाकू लागली. कोपऱ्यातली पिन पडू लागली.

आठव्या दिवशी एक पिन आत आडवी अडकली. इरावतीने सगळी बटणं सोडली, म्हणजे मागणी शून्य. भैय्यालाल मागच्या बाजूने आत शिरला. मेन स्विच त्याने बंद केला नाही.

"आता कायले?" तो आतून ओरडला. "तुमचा कॅमेरा मले पाहून राहिला नं!"

इरावतीने पडद्याकडे पाहिलं. उभे : १. बरोबर. तो भैय्यालाल.

मग आकडा बदलला...

उभे : ०.

तिने ओरडायला तोंड उघडलं, तोवर दांडा सुटला.

आणि अर्ध्यावर थांबला.

भैय्यालालच्या मनगटापासून चार बोटांवर.

काउंटरवरचं, मशीन तातडीने थांबवायचं लाल बटण दाबलेलं होतं. शर्मिष्ठा लेनच्या तोंडाशी होती, दोन्ही हातांत बॉल धरून. इरावती पडद्यापाशी. काउंटर दोघींपासून वीस पावलांवर.

तिथे कुणीच नव्हतं.

इरावतीने मशीनच्या नोंदी वाचल्या. भैय्यालाल आत असताना कॅमेऱ्याने दोन मोजले होते. मग अचानक एक. त्यातून वजा एक. शून्य.

आठ दिवस जागचं न हललेलं ते, त्या क्षणी तिथून निघालं होतं.

वेळ, ९:४२:१७.

लाल बटण दाबलं गेल्याची वेळ, ९:४२:१७.

ते हललं म्हणून दांडा सुटला? की दांडा सुटणार हे ओळखून ते बटणाकडे धावलं? आधी काय झालं? इरावतीने नोंदी तीनदा वाचल्या. सेकंदाच्या आत काय घडलं, ते मशीन लिहीत नव्हतं.

वजा एकची ओळ तिने तिथेच पुसली. सराव बंद झाला. त्या वर्षी शर्मिष्ठाची निवड झाली नाही.

निघताना भैय्यालालने मनगट चोळत विचारलं, "मॅडम, आता तिथं किती दाखवते?"

"शून्य."

"खरं शून्य?"

"हो."

त्याने त्या सगळ्या रिकाम्या मजल्यावरून हळूहळू नजर फिरवली.

"मंग तो गेला कुठी?"

इरावतीने कॅमेरा खोलून शहरातल्या बूढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणला. आज तो कपाटात आहे, भिंतीकडे तोंड करून. बाहेर काढायचा, खोलीकडे रोखायचा, आकडा वाचायचा. दोन मिनिटांचं काम.

तिने अजून मोजलेलं नाही.