तृप्तीचं विरजण

"श्राद्धाचा कावळासुद्धा याहून जास्त खातो," श्रीखंडाच्या पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता आचारी पुटपुटला. मागे अर्चना उभी आहे हे लक्षात आल्यावर त्याने जीभ चावली. "म्हणजे तसं नाही हो ताई. शुभकार्य आहे, कळतंय मला. पण वाढायला जावं, तर अख्खी पंगत ताटावर हात आडवा धरून बसलेली. आम्ही हात चालवायचे तरी कुठे?"

"मला द्या त्यातलं वाटीभर," अर्चना म्हणाली. "शीग लावून द्या."

आचाऱ्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्याच्याकडे कुणी शीग लावून मागितलं नव्हतं.

मिरजेच्या त्या हॉलमध्ये रेवाचं डोहाळजेवण चाललं होतं. रेवा ही अर्चनाची एकुलती एक लेक. पाहुणे पुष्कळ होते, आणि एकजात सडसडीत. त्या काळात माणसं तशीच असायची. जाड माणूस दिसला की लहान पोरं वळून बघत, आणि त्यांच्या आया त्यांना दटावत. मधुमेहाचे दवाखाने ओस पडले होते. हॉटेलवाल्यांनी थाळ्या लहान करून पाहिल्या, मग वाट्या लहान केल्या, मग कितीकांनी हॉटेलंच बंद केली. हे सगळं घडलं ते एका हिरव्या पेल्यामुळे, आणि तो पेला लोकांच्या हाती दिला रेवाच्या वडिलांनी, डॉ. मंगेश खराडे यांनी.

पेल्यात तसं नवल काही नव्हतं. मूठभर पालक, काकडी, अर्धा पेरू, पुदिन्याची चार पानं आणि भिजून टम्म फुगलेला सब्जा, सगळं मिक्सरमधून फिरवायचं. अशी हिरवी स्मूदी लोक पूर्वीही पीत, आणि तासाभराने चिवड्याचा डबा उघडत. मंगेशने शोध लावला तो शेवटच्या चमच्याचा. कालच्या पेल्यातला एक चमचा राखून ठेवायचा, आजच्या पेल्यात कालवायचा आणि झाकून ठेवायचा. दह्याला लावतो तसं विरजण. त्या चमच्यात कुणा एका दात्याच्या पोटातून घेऊन वाढवलेले 'तृप्तक' नावाचे जंतू असत. माणसाच्या आतड्यात ते पाल्याच्या चोथ्यावर जगत, आणि एका ठरावीक टप्प्यावर असा एक रस सोडत की आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरून एकच निरोप जाई : पुरे. तोवर वजन उतरवायचं म्हणजे भुकेशी भांडायचं, असं समजत. मंगेशने भूकच समजूतदार केली.

विरजण मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी नाही म्हणत नाही. एवढ्या एका रीतीवर हे शास्त्र शेजारणीच्या वाटीतून मिरजेहून नागपूरपर्यंत गेलं.

गेलं नाही ते फक्त अर्चनाच्या पोटात. तिला भूक आवडायची. शाळेत शिकवून दमून आल्यावर गरम भाताचा वास आला की पोटात जी भूक खवळायची, ती कशासाठी गमवायची, हे तिला कधी पटलंच नाही.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," नणंद छायाताई तिच्या वाटीकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टरांची बायको, आणि कंबर बघा."

"असू दे हो छायाताई. अंधारात श्रीखंड बरं लागतं."

हसण्यावारी नेलं, पण अर्चनाचं लक्ष झोपाळ्याकडे होतं. हिरवी साडी, अंगभर फुलांचे दागिने, आणि त्या फुलांमध्ये रेवाचा चेहरा ओढलेला. बायका एकेक करून ओटी भरत होत्या आणि तोच प्रश्न विचारत होत्या. काय खावंसं वाटतं गं? चिंच? कैरी?

"काहीच नाही मावशी," रेवा प्रत्येकीला सांगत होती.

"नशीबवान आहेस. आम्हाला मेलं माती खावीशी वाटायची."

सातवा महिना लागला होता. बाळाची वाढ मागे पडली आहे, असं डॉक्टरीणबाई गेल्या खेपेला म्हणाल्या होत्या. आईने खाल्लं पाहिजे, दुसरं औषध नाही. रेवाने दिवस राहिल्यापासून हिरव्या पेल्याला हात लावला नव्हता. पण एकदा विरजण लागलं की दह्याचं पुन्हा दूध होत नाही, तसं ते आत बसलं ते बसलंच. तिसऱ्या-चौथ्या घासाला तिचा हात थांबायचा. आई रागावली की ती बळेच खायची, आणि ओकायची.

अर्चना वाटी घेऊन उष्टी ताटं ठेवत होते तिथे येऊन उभी राहिली. सहज म्हणून बघत होती, आणि बघता बघता तिचा चमचा हातातच राहिला.

सगळी ताटं सारखी होती. अर्धी पोळी गेलेली, अर्धी तशीच. भाजी चमचाभर खाल्लेली. भाताला बोट लागलेलं नाही. गोड तर घेतलेलंच नाही. छायाताईंचे यजमान एके काळी पैजेवर जिलब्या खात, त्यांचं ताट आणि आचाऱ्याच्या पुतणीचं ताट शेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं ते सांगता आलं नसतं.

अर्चनाने जन्मभर पोरांचे पेपर तपासले होते. वर्गातल्या सगळ्या पोरांची एकाच ठिकाणी एकच चूक झाली, की समजायचं, उत्तर कुणाचं तरी बघून लिहिलंय. मग ते पहिलं पोर कोण, एवढंच शोधायचं उरतं.

आणि वेळ. पंगत बसली होती ती उन्हं कलल्यावर. आता सगळीकडे तसंच झालं होतं. शाळांची मधली सुट्टी पुढे गेली, कचेऱ्यांमधले डबे तिसऱ्या प्रहरी उघडायला लागले. लोक म्हणत, त्याआधी भूकच लागत नाही. अर्ध्या पोळीवर उठणारं आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवणारं माणूस. असं एक माणूस अर्चनाने पाहिलेलं होतं. तिने हॉलमध्ये नजर फिरवली. भिंतीकडेच्या खुर्चीत तिची थोरली जाऊ, अक्का, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. ताट केव्हाच बाजूला सारलेलं.

मंगेश तिला हात धुवायच्या जागेपाशी सापडला. पाहुण्यांच्या नमस्कारांनी सुखावलेला.

"विरजण कुणाचं आहे?" अर्चनाने विचारलं.

"घरोघरचं. हे काय मध्येच?"

"घरोघरी गेलं ते नंतर. सगळ्यात पहिलं कुणाच्या पोटातलं घेतलंस?"

"दात्याचं नाव सांगत नसतात, अर्चना."

"मी वर्तमानपत्रवाली नाही. बायको आहे तुझी. बरं, नाव राहू दे. त्या जंतूंना मोजता येतं का, एवढं सांग."

शास्त्राचं विचारलं की मंगेश मोकळा व्हायचा. तो नळाला टेकून उभा राहिला. "मोजता येत नाही, पण सवय लागते. असं बघ. रिकामं पोट खवळतं, आम्ल सुटतं, त्यात आतले जंतू मरतात. आता समज, एखाद्या पोटात रोज ठरावीक वेळी ठरावीकच अन्न येतं. तिथे कोण तगेल? तेवढ्या अन्नावर पोटाला गप्प बसवतील ते. त्यांची पिढी तासाभराची. आठ-दहा वर्षांत किती पिढ्या झाल्या बघ. शेवटी त्यांचं माप पक्कं होतं. वेळही पक्की होते."

"आणि मग ते दुसऱ्याच्या पोटात गेले तरी माप तेच."

"तेच. म्हणून तर गुण येतो."

"म्हणजे एका बाईचं माप आज सगळ्यांच्या पोटात आहे."

"बाई असं मी कुठे म्हटलं?"

"अर्ध्या भाकरीवर गप्प बसलेलं पुरुषाचं पोट मी अजून बघितलेलं नाही."

मंगेश हसला नाही. त्याने नळ उगाचच उघडला आणि बंद केला.

"वहिनींचं आहे," तो म्हणाला. "तू नवी होतीस तेव्हा घरात. शंभर पोटं तपासली होती मी, पण इतकं शांत पोट दुसरं नव्हतं. आणि सगळं घर म्हणायचंच ना, वहिनींचं पोट चिमणीचं. कधी कुरकुर नाही, कधी काही मागणं नाही. मी विचारलंही होतं, पोट भरतं ना तुमचं? भरतं की भाऊजी, म्हणाल्या. मी तेच धरून चाललो."

ते जुनं घर अर्चनाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. सासू, सासरे, दोघे भाऊ, छायाताई, येणारं-जाणारं कुणी ना कुणी. सकाळच्या शाळेमुळे अर्चनाला डबा मिळायचा, भरलेला, वर चटणीची पुडी. तो अक्काच बांधायची. शनिवारी लवकर घरी आलं की अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताटली हातात घेऊन बसलेली दिसायची. "अक्का, अहो तुम्ही पण आमच्याबरोबर बसत जा," असं अर्चना म्हणायची. पाहुण्यांना 'पुन्हा या' म्हणावं, तसंच म्हणायची.

"रेवासाठी काही औषध आहे?"

"आहे. तृप्तक मारणारं आहे. पण ते पोटातलं चांगलं-वाईट सगळं धुऊन नेतं. सातव्या महिन्यात द्यायचं म्हणजे जोखीम आहे, अर्चना. माप जर खऱ्या तृप्तीचं असेल, तर देण्याची गरज नाही. बाळासाठी शरीर आपणहून माप वाढवून घेईल, थोडी वाट बघायची. पण माप जर..." तो थांबला.

"जर?"

"ते सोसलेल्या भुकेचं असेल, तर वाट बघण्यात बाळ जाईल. आणि मग एकट्या रेवाचा प्रश्न राहणार नाही." त्याने हॉलकडे पाहिलं. आत फुगड्या चालल्या होत्या.

"मग विचार अक्कांना."

"एकदा विचारलंय."

"पुन्हा विचार."

पाहुणे पांगले तेव्हा अक्का रेवाच्या केसांतली फुलं सोडवत होती. एकेक कळी अलगद काढून ओच्यात टाकत होती. छायाताई ओटीचे नारळ पिशवीत भरत होत्या. मंगेश खुर्ची ओढून बसला, उठला, पुन्हा बसला.

"वहिनी, तुमचं जेवण पहिल्यापासूनच कमी, नाही का?"

"विचारायचं काय त्यात?" छायाताई म्हणाल्या. "चिमणीचं पोट तिचं. आई नेहमी म्हणायची."

"हो की," अक्का म्हणाली. "भरायचं माझं."

मंगेशने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे उतरलेले अर्चनाने पाहिले. "तर मग थांबू या थोडं," तो तिला म्हणाला. "बघू, पुढच्या महिन्यात."

अर्चना अक्काच्या समोर जमिनीवरच बसली.

"अक्का, ऐका माझं. हे सगळे जे विरजण पितात ना, ते तुमच्या पोटातलं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. रेवाच्या पोटातही तेच आहे. त्याला तुमच्या जेवणाचं माप लागलंय, तेवढं झालं की ते तिला उठवतं. आत बाळाची वाढ होत नाहीये. तुमचं पोट तेवढ्यावर खरंच भरत असेल, तर आम्ही गप्प बसतो. नसेल भरत, तर हिला औषध द्यायचंय, आणि ते आताच द्यायला हवं."

अक्काचा हात केसांत थांबला. तिने आधी मंगेशकडे पाहिलं, मग उष्ट्या ताटांच्या ढिगाकडे, जिथून बायका अर्धी अर्धी ताटं उचलत होत्या.

"माझं?" ती हळूच म्हणाली. "या सगळ्यांना?"

"शुभ दिवशी काय हे उकरून काढता?" छायाताई म्हणाल्या. "आपल्या घरात कुणाला कधी कमी पडलंय का?"

अक्काने रेवाचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"जेवताना तुला काय होतं गं? नीट सांग मला."

रेवाला शब्द सापडेनात. "पोट जड नाही होत, अक्का. भूक तर असते. पण आतून कुणीतरी म्हणतं, झालं तुझं, ऊठ आता. इतरांचं राहिलंय. मग घास खाली ठेवला की बरं वाटतं. आणि थोडं रडूही येतं. कशाचं ते कळत नाही."

अक्काने ओच्यातली फुलं खाली ठेवली आणि रेवाच्या पोटावर हात ठेवला. छायाताईंनी पिशवीचं तोंड आवळून धरलं होतं.

"औषध द्या भाऊजी," अक्का म्हणाली. "माझं पोट भरायचं नाही. भाकरी संपायची."