दोन ठोके म्हणजे सोड

हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत घडलंय, कुणाच्या मावशीच्या दिराने सांगितलेलं नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्याने आमच्या गॅरेजात यावं आणि दादाला उजव्या हाताची मूठ वळायला सांगावी.

वळत नाही.

रविवार होता. भर दुपार. रात्रीबित्री काही नाही. वरचा पत्रा तापलेला, शटर अर्ध्यावर ओढलेलं, आणि आत आम्ही दोघंच. मी आणि माझा थोरला भाऊ.

आणि आम्ही दोघं बोलत नव्हतो.

बाबा गेले त्या दिवशी मी दादाला फोन करकरून दमलो. त्याने उचलला नाही. बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिले. हा आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तोही तोंड फिरवून बसला. गॅरेज मात्र बाबांचं, म्हणजे दोघांचं. सोडून जाणार कोण? शेजारचा टायरवाला म्हणायचा, "तुमच्याकडे स्मशानापेक्षा शांतता असते रे. गाड्या घाबरून सुरू होतात."

काम मात्र अडत नव्हतं. कारण ठोके होते.

हातोड्याच्या आवाजाने बाबांचे कान कधीच गेले होते. म्हणून त्यांनी आम्हाला पहिल्यापासून तसंच शिकवलं. एकजण वर, एकजण गाडीखालच्या खड्ड्यात. हाक मारायची नाही. पान्याने गाडीला ठोका द्यायचा, वरच्याच्या हाताला तो कळतो. एक ठोका म्हणजे धर. दोन ठोके म्हणजे माझे हात बाहेर आहेत, सोड.

त्या दिवशीची गाडी जुनी होती. एक चष्मेवाला माणूस आदल्या दिवशी सोडून गेला होता. इंजिनाचा बेल्ट किंचाळत होता. टेन्शनर गेला होता, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा तो स्प्रिंगचा दांडा. "बऱ्याच गॅरेजवाल्यांनी परत पाठवली," तो म्हणाला. "हात पोचत नाही म्हणतात."

पोचणार कसा? त्या गाडीत टेन्शनर इंजिन आणि बॉडीच्या मधल्या फटीत दडलेला. एका बाजूचा माउंट, म्हणजे इंजिनाचा आधार, सोडून इंजिन जॅकवर उचललं, तेव्हा कुठे मनगट जाईल एवढी जागा झाली. त्यात त्याचा बोल्ट दांड्याच्या मागे. वरून टॉमी, म्हणजे लांब लोखंडी पहार, लावून दांडा मागे खेचायचा आणि तसाच धरून ठेवायचा. खालच्याने फटीत हात घालून बोल्ट सोडवायचा. वरच्याने मध्येच सोडलं तर दांडा सटकन परत येतो... खालच्याच्या बोटांवर.

मी टॉमी लावून बघत होतो. तेवढ्यात...

ठक.

एक ठोका. धर.

आज साहेब फार घाईत आहेत, मी मनात म्हटलं. खेचून धरलं. धरून ठेवलं. खांदा भरून आला, दंड थरथरायला लागला, तरी खालून काही हालचाल नाही. शिवी अगदी ओठांवर आली.

आणि दादा शटरखालून वाकून आत आला.

हातात पाण्याची बाटली. कपाळावरचा घाम पुसत तो खड्ड्यात उतरला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग ठोका कुणी दिला?

गरम लोखंड वाजतं कधीकधी. मी तेच धरून चाललो. नाहीतर त्याला विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. माझी जीभ काही रेटली नाही.

काम सुरू झालं. खाली दादाच्या दिव्याचा उजेड होता, इंजिनाच्या फटींतून दिसत होता. पाना घासल्याचा आवाज. त्याचं ते सततचं खाकरणं. सगळं नेहमीचं.

मग खाकरणं थांबलं...

पान्याचा आवाज थांबला...

बाहेर टायरवाल्याचा पंप धडधडत होता, तोही ऐकू येईना. कानात बोळे घातल्यासारखं झालं. मी फटीतून खाली बघितलं. खालचा उजेड गेला होता.

ठक. ठक.

मी सोडलं.

दादा असा ओरडला की टायरवाला धावत आला. आम्ही टॉमी परत खेचली, हात बाहेर काढला. मधली दोन बोटं चेचली होती. हाड दिसत होतं. दादा खड्ड्याच्या भिंतीला टेकून खाली बसला, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"का सोडलंस रे?"

"तू दोन ठोके दिलेस!"

"माझे दोन्ही हात आत होते."

"तुझा दिवा विझला होता..."

त्याने मान वळवली. मीही बघितलं. दिवा त्याच्या पायाशी होता. लख्ख जळत होता.

दवाखान्यात वहिनी आली. रडली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. "भावोजी, मला एकच सांगा. मुद्दाम सोडलंत ना?"

मी नाही म्हटलं. देवाशपथ नाही म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. ज्या भावाशी मी बोलत नव्हतो त्याची बोटं माझ्या हातून गेली होती. कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता. पण मला त्याने ठेवायला हवा होता, फक्त त्याने. हे मला तेव्हा कळलं.

पट्टी असतानाच दादा गॅरेजात आला. गाडी तशीच उभी होती. टेन्शनर तसाच आत. दादा गाडीपाशी गेला, डाव्या हाताने टॉमी उचलली.

"आता तू खाली."

त्याच्या डोळ्यांत बघून माझी पाचावर धारण बसली. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर मीच मुद्दाम सोडलं होतं असं झालं असतं.

उतरलो.

त्याने टॉमी खेचली, अंगाचा भार टाकून धरली. मी फटीत दोन्ही हात घातले, एकात पाना, दुसऱ्याची बोटं बोल्टवर. बोल्ट हलला. अर्धा आटा. आणखी थोडा. वरून दादाचा श्वास ऐकू येत होता.

मग तो ऐकू येईना...

पंप बंद पडला. रस्त्याचा आवाजही गेला. माझ्या कानाजवळ, अगदी कानाजवळ, काहीतरी थंड आलं. खड्ड्यात माझ्या मागे कुणीतरी उभं होतं. वळायला जागा नव्हती. हात काढायला वेळ नव्हता.

ठक. ठक.

"दादा, मी नाही!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "दादा, सोडू नको! माझे हात आत आहेत!"

दांडा थरथरला. माझ्या बोटांना टेकला.

टेकून थांबला.

"काढ हात," वरून आवाज आला. "काढ लवकर."

काढले. दांडा सुटला तो असा आपटला की गाडी हलली. मी कसाबसा वर आलो. दादा जमिनीवर बसला होता, चेहरा पांढराफटक.

"ऐकलेस ना ठोके?" मी विचारलं.

"ऐकले. पण खरं सांगू? ते पडले नसते तरी मी सोडणार होतो." तो रडायला लागला. "घरून तेच ठरवून आलो होतो. तू दादा म्हणालास म्हणून..."

मी त्याच्या शेजारी बसलो. मलाही रडू आलं. त्याची पाण्याची बाटली त्याला दिली.

सैल झालेला बोल्ट शेवटी टायरवाल्याच्या मदतीने, तिघांनी गाणी म्हणत काढला. हो, गाणी. मोठ्याने. चष्मेवाला गाडी न्यायला आला. टेन्शनर निघाला का, हे त्याने विचारलंच नाही.

"कुणाला लागलं नाही ना?" एवढंच विचारलं.

दादाने हात खिशात घातला. टेन्शनर बदलल्यावर असं कुणी विचारतं का, हे माझ्या डोक्यात गाडी वळणावरून गेल्यावर आलं.

त्यानंतर ठोके बंद. दिवसभर आम्ही एकमेकांवर ओरडतो. "धर रे!" "धरलंय की!" "सोड!" "तोंडाने सांग, हात बाहेर आहेत का!" वहिनी डबा पाठवायला लागली, माझाही. टायरवाला म्हणतो, भावाभावांचं जमलं.

खरंच जमलं होतं.

गेल्या आठवड्यात दुसरीच गाडी होती. मी वर, टॉमी खेचून. दादा खाली. हात दुखायला लागला होता. खालून दादाचा आवाज आला, तोच घोगरा, मध्येच खाकरणारा...

"सोड रे. हात बाहेर आहेत."

मी पकड सैल करणार, तोच पाठीमागे कुणीतरी खाकरलं.

दादा शटरपाशी उभा होता. टायरवाल्याकडून पाना मागून आणत होता.

तो कधी वर आला, मला कळलंच नव्हतं. त्याचा चेहरा बघून समजलं की त्यानेही ऐकलं होतं. स्वतःचाच आवाज. आम्ही दोघांनी खड्ड्याकडे बघितलं. वाकून बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

नवी खूण ठरवायला हवी, पण खड्ड्यातल्याच्या कानावर न पडता. दादा माझ्या घरी येतो, मी त्याच्याकडे जातो, दोघंही तोंड उघडतो आणि आधी मागे बघतो. मग कुणीच काही बोलत नाही. गॅरेजातही नाही.

टायरवाला काल विचारत होता, "परत बिनसलं का रे तुमचं?"

मी हो म्हटलं.