लिलाव बंद करण्याचं कारण

बाबांच्या तीन काठ्या विकायच्या, एवढंच काम होतं. काठ्या म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल नावाचा खेळ खेळायच्या, क्यू म्हणतात त्या. शिसवी मुठीच्या आणि बुडाशी कारागिराची सही असलेल्या. संग्राहक अशा काठ्यांसाठी जीव टाकतात. बाबांचा हात आता इतका थरथरायचा की चहाचा कप धरवत नव्हता. ते आपणहून मुलाला म्हणाले होते, "विकून टाक. पण सरळ वीक."

मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. दुसऱ्यांची नजर तपासण्यात जन्म गेलेला हा चष्मेवाला सरळ विकायला निघाला आणि पहिल्याच वळणावर घसरला. त्याने काठ्या लिलावाच्या साईटवर सात दिवसांसाठी लावल्या खऱ्या, पण सात दिवस थांबतो कोण? लिलाव आत्ताच बंद करा, परस्पर मला द्या, जास्त देतो, असं सांगणारे भेटतातच. साईट फक्त कारण विचारते आणि कारणांची यादीही तीच पुढे करते. एकावर बोट ठेवलं की सुटलो. सगळेच विक्रेते ठेवतात; हा एकटाच काय साधुसंत लागून गेला होता!

पहिल्या काठीसाठी त्याने निवडलं, 'वस्तू तुटली'. लगेच एका बोली लावणाऱ्याचा निरोप आला. त्याला नाव नव्हतं, फोटो नव्हता.

'खरंच तुटली का?'

'हो, खरंच.'

'तुम्ही म्हणताय, म्हणजे तसंच असणार.'

संध्याकाळी पेटी उघडली तर काठी मधोमध मोडलेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. जुनं लाकूड आहे, हवा बदलली, असं बायकोला सांगितलं. पेटीत लाकडाचा एक कणही सांडला नव्हता, हे मात्र सांगितलं नाही.

रविवारी दुपारी उरलेल्या दोन्ही काठ्यांना परस्पर गिऱ्हाईक मिळालं. त्याने एकाच बैठकीत दोन्ही लिलाव आटोपले. दुसरीला कारण दिलं, 'वस्तू हरवली'. तिसरीला आता काय द्यायचं? यादीत सगळ्यात खाली होतं, 'घरात मृत्यू'. यावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही, असा हिशेब करून त्याने बोट ठेवलं.

दुसऱ्या काठीबद्दल त्याच बिननावी माणसाचा निरोप आला. 'खरंच हरवली का?' याने सवयीने 'हो' लिहिलं आणि ती बांधायला आतल्या खोलीत गेला. पेटी कडीबंद होती. आत मखमलीवर काठीचा लांबट ठसा तेवढा होता आणि काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा ओलसर वास येत होता.

त्याने पलंगाखाली, कपाटामागे, सगळीकडे शोधलं.

"बाबा, पेटीतली काठी तुम्ही काढलीत का?"

"मला चमचा उचलवत नाही रे. काठी कुठली काढतोय!"

तो परत संगणकापाशी आला तेव्हा तिसरा निरोप आला होता.

'फार वाईट झालं. कोण गेलं?'

स्वयंपाकघरात बायको भांडी विसळत होती. हॉलमध्ये बाबा खुर्चीत बसले होते. त्याने त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बाबांच्या पायाशी बसून त्याने हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "आमच्या खेळात फाऊल झाला की पंचानं विचारायच्या आधी आपण हात वर करायचा. खोटं बोललो, असं लिही त्याला."

"लिहितो..."

"आत्ता लिही."

"बाबा, खातं बंद करतील. या गिऱ्हाईकाला शब्द दिलाय. एवढी काठी कुरिअरला टाकून येतो. तासाभरात लिहितो... नक्की."

तो काठी घेऊन बाहेर पडला.

परत आला तेव्हा घर शांत होतं. बायको आतल्या खोलीत दार लोटून पडली असावी. बाबा संगणकासमोर बसले होते. मान टेबलावर, हात कीबोर्डवर. ते हात थरथरत नव्हते. पडद्यावर त्यांनी लिहिलेलं होतं, बोटं थरथरल्यामुळे अक्षरं दोनदोनदा उमटलेली: 'मुलगा खोटं बोलला. घरात कुणी गेलेलं नाही. तरी कुणी हवंच असेल तर मी आहे. पोरांना सोडा.'

"बाबा..." त्याने खांद्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तो ढसाढसा रडला. एक ओळ लिहायची होती. फक्त एक ओळ, आणि तीही त्याने म्हाताऱ्या बापाला लिहायला लावली.

खाली उत्तर आलेलं होतं.

'ते आपणहून आले. मी तुम्हाला विचारलं होतं. कोण गेलं?'

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. आतल्या खोलीतून काहीच चाहूल नव्हती. दाराकडे धावता धावता त्याने बायकोला हाक मारली, नाव घेऊन, जिवाच्या आकांताने.

मागे पडद्यावर एक शब्द उमटला.

'बरं.'