एकशेदहा की दोनशेवीस?

सोमवारी सकाळी माझ्या इक्वलायझरमधून आधी ‘फट्’ असा आवाज आला, मग जळका वास, आणि मग माझी किंकाळी.

साओ पावलोच्या मावशीने किती प्रेमाने पाठवला होता! तिच्याकडची वीज एकशेदहा व्होल्टची, आमच्या रेसिफेची दोनशेवीसची. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं का? होतं हो! पण शुक्रवारी रेडिओला गाणं पाठवायचं होतं. जूनमधल्या साओ जोआओच्या सणात वाजवायला ते नवी गाणी निवडणार होते, आणि घरी रेकॉर्ड केलेला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता; तो घुमारा काढायलाच हा इक्वलायझर. घाईघाईत मागचा एकशेदहा-दोनशेवीसचा खटका बघायचाच राहिला.

ते गरम खोकं छातीशी धरून, पावसात भिजत, मी झुलेइदेबाईंच्या साउंड-सामानाच्या दुकानात शिरले. काउंटरमागच्या उंच, चष्मेवाल्या मुलाने खोकं घेतलं, हुंगलं आणि डोळे मिटले.

“एकशेदहा.”

“वासावरून कळतं?”

“नाही. तुमच्या चेहऱ्यावरून.”

मी चाटच पडले! अगाऊ कुठला! पण हसला मात्र असा, की मी भांडायचंच विसरले. त्याचं नाव ओतोनिएल.

“हा ठेवून जा,” तो म्हणाला. “शुक्रवारपर्यंत होईलच असं नाही सांगत. तोवर स्वस्तातला दुसरा बघता का?”

मी एकतीस दांड्यांच्या, लांबलचक इक्वलायझरकडे बोट दाखवलं.

“तो प्रार्थनासभेच्या मांडवात लागतो. स्पीकर शिट्टी मारायला लागला की नेमकी तेवढी दांडी खाली ओढायची. घरात एकतीस दांड्यांचं काय लोणचं घालणार? हा चार बटणांचा बघा. आवाज कुठे घुमतोय ते शोधायचं, आणि तेवढंच कमी करायचं.”

“घेते मग.”

“थांबा...” त्याने एक बटण हलवून पाहिलं. “हे जरा सैल वाटतंय. उद्या या ना.”

मंगळवारी गेले. बटण घट्ट झालं होतं, पण आता म्हणे एका बाजूने खरखर येत होती. मला काही ती ऐकू आली नाही. मी मात्र मान डोलावली.

“पोरी,” झुलेइदेबाई गल्ल्यावरून ओरडल्या, “माझ्या बहिणीने नवरा निवडायलासुद्धा एवढा वेळ नाही लावला!”

“उद्या तुमचं गाणंच आणा,” लाल झालेल्या कानांनी ओतोनिएल म्हणाला. “ऐकून ठरवू.”

मंगळवारी रात्री गाणं पुन्हा रेकॉर्ड करून बुधवारी मी पेनड्राइव्ह नेला. त्याने गाणं लावलं, एक बटण हळूच डावीकडे फिरवलं, आणि... तो घुमारा गेला! मी खरंच तिथे उभी राहून गात होते जणू. अंगावर काटा आला माझ्या.

“आता हे तीन हजार हर्ट्झचं बटण बघा,” तो म्हणाला. “वर नेलं की कुजबुजसुद्धा स्पष्ट होते.” आणि त्याने ते पार टोकाला नेलं.

गाणं संपलं. रेकॉर्डिंग संपलं नव्हतं.

“अजून नाही घेतलास?” स्पीकरमधून माझी बहीण मार्लूसी म्हणाली.

“घेतला की संपलं ना!” हा आवाज माझा. “मग त्या चष्मेवाल्याकडे कुठल्या निमित्ताने जाऊ? नुसतं त्याच्या हातांकडे बघत बसावंसं वाटतं गं...”

झुलेइदेबाईंचा तापिओकाच्या धिरड्याचा घास तोंडाशीच थांबला. ओतोनिएलचं बोट बटणावर गोठलं. मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी! पेनड्राइव्ह, छत्री, सगळं टाकून मी पळत सुटले.

गुरुवारी मी जाहीर केलं, “मेले तरी त्या दुकानात पाऊल टाकणार नाही.”

“आणि गाणं?” मार्लूसीने विचारलं.

“गेलं खड्ड्यात!” म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. वर्षभर त्या एका गाण्यासाठी झुरले होते मी.

दुपारी दार वाजलं. ओतोनिएल! एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात मावशीचा इक्वलायझर.

“पेनड्राइव्हवर... गाण्यानंतर ऐका,” तो पुटपुटला आणि चक्क भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी हेडफोन लावला. गाणं संपलं, थोडी खरखर झाली, आणि मग त्याचा आवाज आला. “फक्त फ्यूज उडाला होता. सोमवारी तुम्ही गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत बदलून झाला. पण तो दिला असता तर... तुम्ही परत कशाला आला असतात? मला तुम्ही फार आवडता, जांदिरा.”

मी हेडफोन ओरबाडून काढला. “चोरा! चार दिवस माझा जीव टांगणीला लावलास! आणि ते सैल बटण? ती खरखर?”

“खोटं. सगळं खोटं. हे कळल्यावर झुलेइदेबाईंनी तर मला मारायला झाडूच उचलला होता.” तो वळला. “आणि तू मला ‘तू’ म्हणालीस.”

“रागाने!”

“चालेल.”

मी प्लग हातात घेतला आणि सॉकेटजवळ थबकले. “एकशेदहा की दोनशेवीस?”

“दोनशेवीस. तीनदा बघितलंय.” तरी तो पुन्हा वाकला, आणि खटक्यावर माझं बोट ठेवून त्याने ते क्षणभर तसंच धरून ठेवलं.

हिरवा दिवा लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही गाणं नव्याने रेकॉर्ड केलं. शुक्रवारी मार्लूसीने ते रेडिओला पाठवलं.

साओ जोआओच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत होळ्या पेटल्या होत्या, कणसं भाजत होती, आणि खिडकीतल्या रेडिओवर... माझं गाणं! निवडलं होतं! मी उडी मारून ओतोनिएलच्या गळ्यातच पडले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं.

आणि रेडिओतून, अख्ख्या रेसिफेला ऐकू जाईल असा, माझाच आवाज आला. “अरे, मलाही तू आवडतोस, ओतोनिएल! खूप आवडतोस! आता बंद कर ना ते मशीन...”

शेवट कापायचा राहिला होता. पुन्हा!

सगळी गल्ली आमच्याकडे बघत होती. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. ओतोनिएल मात्र कणीस हातात धरून, मान तिरकी करून, अगदी मन लावून ऐकत होता.

“बघ,” तो म्हणाला, “जराही घुमला नाही.”