तारखेची जागा

यातलं एक अक्षरही खोटं नाही. खोटंच लिहायचं असतं तर मी स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं.

गेल्या वर्षीचा डिसेंबर. विश्रांतवाडीतला आमचा फ्लॅट. घरात मी नम्रता, नवरा दत्तप्रसाद, सहा वर्षांची पूर्णिमा आणि सासूबाई, मालनबाई.

हॉलच्या भिंतीवर नव्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या. मांडामांड माझी. खाली रोजचं, मधे शोभेचं, सगळ्यात वर नको असलेलं. माझ्या घरात सगळं जागच्या जागी लागतं. माणसंसुद्धा.

सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस.

मला आयत्या वेळची धावपळ आवडत नाही. तेराव्याला नातेवाइकांना वाटायच्या वाट्या आधीच घ्याव्यात म्हणून मी बुधवार पेठेत गेले. वाट्यांवर नाव घालायला रियाजभाई बसले होते.

मी मजकूर सांगितला. 'कै. मालनबाई यांच्या स्मरणार्थ.'

"तारीख?"

"जागा सोडा."

त्यांनी मशीन थांबवलं. "ताई, त्या गेल्यात ना?"

"जातीलच."

चार दिवसांनी सासूबाई घरी आल्या.

जिवंत.

मी वाट्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या, पुढे पितळेचे हंस मांडले. नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही. सासूबाईंना तर आधाराशिवाय उभंही राहता येत नव्हतं.

तरी एका दुपारी पूर्णिमाला शाळेतून घेऊन आले, तर त्यांच्या मांडीवर...

एक वाटी.

वरचे हंस जागचे हलले नव्हते.

त्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. "तारीख राहिली की गं," एवढंच म्हणाल्या.

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

"तुम्ही सांगा, तशी घालते," मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. आठव्या दिवशी गेल्या.

तेराव्याला मी वाट्या खाली काढल्या.

प्रत्येक वाटीवर तारीख होती... बरोबर त्या गेल्या त्याच दिवसाची.

मी रियाजभाईंना फोन लावला. "ताई, मी जागा सोडली होती," ते म्हणाले आणि फोन ठेवला. दत्तप्रसाद मागे उभा होता.

"तू आधीच आणल्या होत्यास?"

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

वाट्या वाटून टाकल्या. घरात एकही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच होते. फळ्यांकडून आवाज आला...

टर्रर्र...

नाव घालायच्या मशीनचा.

मी सगळ्या फळ्या उपसल्या. खालच्या फळीवर, पूर्णिमाच्या ताटलीत, एक वाटी होती.

'कै. कु. पूर्णिमा हिच्या स्मरणार्थ.'

पुढे जागा मोकळी.

वाटी मोडीत घातली. संध्याकाळी ती खालच्या फळीवर होती. बंडगार्डनच्या पुलावरून नदीत टाकली. मी घरी पोचायच्या आत ती पोचली होती.

सासूबाईंच्या फोटोपुढे डोकं आपटलं. "आई, माझं नाव घाला. पोरीनं तुमचं काय बिघडवलंय? ती तर तुमच्या कुशीत झोपायची हो."

टर्रर्र...

धावत जाऊन पाहिलं. मोकळ्या जागेत एकच आकडा उमटला होता.

तीन.

तीन तारीख? का तीस? का एकतीस? महिना कुठला? दर महिन्यात या तीन तारखांना मी तिला शाळेत पाठवत नाही. तिचा हात धरून बसते. तिला कंटाळा येतो, मग ती रडते, मग मी तिच्यावर ओरडते.

आज तीस तारीख आहे.

पूर्णिमा आता चांगलं वाचते. मघाशी ती वाटी घेऊनच माझ्याजवळ आली.

"आई, माझ्या नावाच्या आधी कै. का लिहिलंय?"

"चुकून घातलं असेल गं."

तिनं त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"मग ज्यांनी घातलं त्यांना सांग ना खोडायला."

सांगतेय. रोज सांगतेय. पण त्या ऐकतच नाहीत.